परीक्षेबाहेर ठेवलेली मुले

फेब्रुवारी-मार्च महिन्यांत आपल्या धर्मग्रामांतील घराघरांवर परीक्षेचे सावट असते. पाहुण्यांची ये-जा थांबते, लग्नाच्या तारखा पुढे ढकलल्या जातात आणि मुलाचे हॉलतिकीट दागिन्यासारखे कपाटात जपून ठेवले जाते. त्याच आळीत एखादे असेही घर असते, जिथे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी हॉलतिकीट कधीच येत नाही. त्याची बौद्धिक वाढ फार मर्यादित राहिलेली असते. त्याला बोलता येत नाही. कधी मानही सावरता येत नाही. शेजारीपाजारी कनवाळूपणे म्हणतात, ‘‘तो बिचारा यातून सुटला!’’

हे सुटणे म्हणजे खरोखर सुटका आहे की वगळणे आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची परीक्षा घ्यावी का, घ्यावी तर कशी, आणि तिचा उपयोग कोणाला, याचा इतिहास सव्वादोनशे वर्षांचा आहे. अशा मुलांसाठी राज्याराज्यांत वेगळी परीक्षा असलीच पाहिजे, असा कायदा अमेरिकेने १९९७ साली केला. तिला तिथे ‘पर्यायी मूल्यमापन’ म्हणतात. तिथवर पोहोचण्याआधी मात्र याच मोजमापाने माणसाच्या हातून फार मोठी पापे घडवली. म्हणून ही कथा आरंभापासून सांगणे आवश्यक आहे.

चार अक्षरे आणि दुधाचा पेला

१८०० सालच्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतात एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा रानातून वस्तीत आला. त्याला भाषा नव्हती. त्याला पॅरिसला आणल्यावर फिलिप पिनेल या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ मनोविकारतज्ज्ञाने त्याला तपासले आणि हा मुलगा जन्मजात मतिहीन आहे, त्याच्यात सुधारणेची आशा नाही, असा निर्णय दिला. ज्याँ-मार्क इतार या तरुण डॉक्टरला तो निर्णय मान्य झाला नाही. मूकबधिरांच्या राष्ट्रीय संस्थेत त्याने त्या मुलाला आपल्याजवळ ठेवले, त्याचे नाव व्हिक्टर ठेवले आणि त्याला शिकवण्यास आरंभ केला. मुलाचा रोजचा सांभाळ मादाम गेरँ नावाच्या बाईंनी केला.

इतारने व्हिक्टरला दूध या अर्थाचा फ्रेंच शब्द सुट्या अक्षरांनी जुळवायला शिकवले. त्या शब्दात चारच अक्षरे होती. काही दिवसांनी व्हिक्टर ज्या घरी रोज दूध प्यायला जात असे, तिथे निघताना त्याने कोणी न सांगता ती चार अक्षरे खिशात टाकली आणि तिथे पोहोचल्यावर मेजावर ती ओळीने मांडून दाखवली. बोलता न येणाऱ्या मुलाने आपली गरज स्वतःच्या खुणेने सांगितली होती. इतारच्या दृष्टीने हाच त्याचा परीक्षेतला निकाल होता.

व्हिक्टर पुढे बोलू लागला नाही. काही वर्षांनी इतारने ते शिक्षण थांबवले. व्हिक्टर मादाम गेरँ यांच्याजवळच राहिला आणि १८२८ साली वारला. परंतु १८०१ आणि १८०६ साली इतारने लिहिलेले दोन अहवाल मागे उरले. या मुलाची तुलना इतर मुलांशी करू नये, त्याची तुलना फक्त त्याच्याशीच, काल तो काय होता आणि आज काय आहे याच्याशी करावी, असा विचार त्यांत आहे.

इतारच्या मार्गदर्शनाखाली एदुआर सेगाँने हे काम पुढे नेले. १८४६ साली त्याने या मुलांच्या शिक्षणावर मोठा ग्रंथ लिहिला आणि नंतर तो अमेरिकेत स्थायिक झाला. इतार आणि सेगाँ या दोघांचे लेखन रोममध्ये एका तरुण इटालियन डॉक्टरने मन लावून वाचले. तिचे नाव मारिया माँटेसरी. १९००च्या सुमारास रोममधील अशा मुलांच्या शाळेत तिने त्यांना लिहायला-वाचायला शिकवले आणि त्यांतील काहींना सर्वसाधारण मुलांबरोबर सरकारी शाळेच्या परीक्षेस बसवले. ती मुले उत्तीर्ण झाली. लोकांनी चमत्कार म्हणून टाळ्या वाजवल्या. माँटेसरीबाईंना मात्र निराळाच प्रश्न पडला: ही मुले इथवर येऊ शकतात, तर निरोगी मुलांना आपल्या शाळांनी इतके खाली का अडकवून ठेवले आहे? आपल्याकडील बालवाड्यांना ज्या पद्धतीचे नाव आहे, तिचे मूळ अशा रीतीने ‘न शिकणाऱ्या’ म्हणून गणलेल्या मुलांच्या वर्गात आहे.

मोजपट्टी आली

१९०४ साली फ्रेंच सरकारने एक आयोग नेमला. नेहमीच्या वर्गात ज्यांना शिकणे जमत नाही, अशी मुले ओळखायची कशी, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. आल्फ्रेद बिने या मानसशास्त्रज्ञाने तेओदोर सिमों या डॉक्टरच्या साहाय्याने १९०५ साली तीस कृतींची एक मालिका तयार केली. तिची पहिली पायरी अशी: मुलाच्या डोळ्यांसमोर पेटती काडी हलवावी आणि त्याची नजर तिच्यामागे जाते का ते पाहावे. पुढे आणखी एक: चॉकलेटचा तुकडा आणि तसाच दिसणारा लाकडाचा तुकडा समोर ठेवावा, आणि खाण्याचा कोणता हे मुलाला कळते का ते पाहावे. बोलता न येणाऱ्या मुलालाही या प्रश्नांची उत्तरे देता येत होती, ही बिनेच्या परीक्षेची थोरवी आहे.

बिनेचा हेतू मदतीचा होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि कधी न वाढणारी वस्तू आहे, या मताला त्याने १९०९ साली कठोर शब्दांत विरोध केला. दोन वर्षांनी तो वारला. १९१२ साली विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मुलाच्या ‘मानसिक वयाला’ त्याच्या खऱ्या वयाने भागण्याची युक्ती काढली. १९१६ साली अमेरिकेत लुईस टर्मनने त्या भागाकाराला शंभराने गुणले आणि ‘बुद्ध्यंक’ जगभर पसरला. बिनेची परीक्षा मराठीतही आली, व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतून घेतली आणि त्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. आजही आपल्याकडे बुद्ध्यंकाच्या दाखल्यांवर ‘बिने-कामत’ हे जोडनाव आढळते.

एका अंकात मूल मावते, असा समज एकदा रूढ झाला की मुलाकडे पाहण्याची गरज उरत नाही. पुढचा इतिहास या समजाचा आहे.

न पाहता दिलेला निकाल

अमेरिकेत हेन्री गॉडर्डने १९१० साली मानसिक वयानुसार माणसांच्या तीन पायऱ्या ठरवल्या आणि प्रत्येकीला नाव दिले. ती तिन्ही नावे आज इंग्रजीत शिव्या म्हणून वापरली जातात. ‘अशांची’ वंशवाढ थांबवावी, हा विचार त्या काळी सुधारकी समजला जाई. इंडियाना राज्याने १९०७ सालीच सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता. १९२७ साली व्हर्जिनियातील कॅरी बक या तरुणीचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आला. ती मंदबुद्धी, तिची आई मंदबुद्धी आणि तिची तान्ही मुलगीही तशीच, असा दावा होता. आठ न्यायमूर्तींनी नसबंदीच्या बाजूने कौल दिला. एकट्या पियर्स बटलर यांनी विरोधी मत नोंदवले. त्या पीठावरचे ते एकमेव कॅथलिक होते. कॅरीची मुलगी काही महिन्यांची असताना एका समाजसेविकेने तिच्याकडे पाहून ‘काहीतरी वेगळे वाटते’ एवढेच म्हटले होते. ती मुलगी पुढे शाळेत गेली, १९३१ साली गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत तिचे नाव लागले, आणि दुसऱ्याच वर्षी ती आजाराने वारली. ती आठ वर्षांची होती.

३१ डिसेंबर १९३० रोजी पोप पायस अकरावे यांनी विवाहविषयक परिपत्रात अशा सक्तीच्या नसबंदीचा स्पष्ट निषेध केला: निरपराध माणसाच्या शरीरावर राज्यसत्तेचा असा अधिकार नाही. अनेक शिकलेल्या लोकांना तेव्हा ही भूमिका मागासलेली वाटली. तीन वर्षे पुरती उलटली नव्हती, तोच जुलै १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सरकारने तसाच कायदा केला. १९३९ नंतर नसबंदीची जागा हत्येने घेतली. इस्पितळांतून आणि आश्रमांतून छापील अर्ज भरून मागवले गेले. रुग्ण कोणते काम करू शकतो, हा त्यांतला एक निर्णायक प्रश्न होता. बर्लिनला बसलेले डॉक्टर रुग्णाला न पाहता त्या अर्जावर खूण करीत. लाल अधिक चिन्ह म्हणजे मृत्यू, निळे वजा चिन्ह म्हणजे जीवन. ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांहून अधिक माणसे विषारी वायूने मारली गेली. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनी भर प्रवचनात या हत्यांना हत्या म्हटले. उपयोगी नाही म्हणून माणसाला मारता येत असेल, तर म्हातारपणी आपल्यापैकी प्रत्येकाचे काय, असा त्यांचा सवाल होता. त्याच महिन्यात वायुकोठड्यांतील हत्या अधिकृतपणे थांबल्या. उपासमारीने आणि औषधांनी मारणे मात्र युद्ध संपेपर्यंत चालू राहिले.

पाच वर्षांचे मानसिक वय

युद्धानंतर बदल घडवला तो पालकांनी. आपल्या मुंबईत जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली, तीही एका दांपत्याने आपल्या मुलीसाठी. अमेरिकेत पालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. पेनसिल्व्हेनिया राज्यात, पाच वर्षांचे मानसिक वय न गाठलेल्या मुलाला शाळेने नाकारावे, अशी कायद्यातच तरतूद होती. मदतीसाठी निघालेली बिनेची पायरी शाळेच्या दारातला अडसर झाली होती. १९७१ साली पालकांनी तो अडसर न्यायालयाच्या हुकमाने दूर केला. १९७५ साली सर्व देशासाठी कायदा झाला. त्या वेळी सुमारे १० लाख अपंग मुले सार्वजनिक शाळांतून पूर्णपणे वगळलेली आहेत, असे त्या देशाच्या संसदेनेच नमूद केले. नव्या कायद्याने प्रत्येक अशा मुलासाठी स्वतंत्र लेखी शिक्षण-आराखडा बंधनकारक केला.

मुले शाळेत आली, परंतु परीक्षेत आली नाहीत. शाळेची प्रतवारी परीक्षेच्या निकालावरून होऊ लागली, तशी या मुलांना ‘सूट’ देण्याची प्रथा पडली. ती वरून दयेची दिसे. प्रत्यक्षात ज्याचा निकाल कोणी विचारणार नाही, त्याला काय शिकवले हेही कोणी विचारीत नसे. वर्षानुवर्षे तेच मणी ओवणे आणि तेच रंग वेगळे करणे चालू राही. वीस वर्षांचा तरुण चार वर्षांच्या मुलाचे खेळ खेळत शाळा संपवी.

केंटकी या राज्याने १९९० साली आपली सारी शिक्षणव्यवस्था नव्याने उभारताना ठरवले की शाळेच्या निकालात प्रत्येक मूल धरले जाईल, एकही वगळले जाणार नाही. १९९२-९३ पासून तिथे तीव्र अक्षमता असलेल्या मुलांच्या वर्षभराच्या कामाचा संग्रह तपासला जाऊ लागला. १९९७ साली हेच तत्त्व देशाच्या कायद्यात आले आणि १ जुलै २००० ही सर्व राज्यांसाठी मुदत ठरली.

उत्तर कोणाचे?

ही परीक्षा घेतात तरी कशी? प्रश्नपत्रिका वाटून नव्हे. एका वेळी एक मूल आणि त्याला ओळखणारी शिक्षिका समोरासमोर बसतात. शिक्षिका छोटा उतारा वाचून दाखवते. चित्रे, खऱ्या वस्तू किंवा स्पर्शाने कळणारे नमुने पुढे ठेवते. दोन किंवा तीन पर्याय देते. मूल बोट दाखवून, नजर रोखून, मोठे बटण दाबून किंवा ठरलेल्या खुणेने उत्तर देते. ते थकले तर परीक्षा थांबते आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालते. कॅन्सस विद्यापीठात विकसित झालेल्या आणि २०१४-१५ पासून अनेक राज्यांत चालणाऱ्या पद्धतीत त्या त्या इयत्तेच्या एकेका उद्दिष्टाच्या आधीच्या पायऱ्या उतरत्या क्रमाने मांडल्या आहेत. वर्ग अपूर्णांक शिकत असेल, तर या मुलाची पायरी ‘अख्खे’ आणि ‘अर्धे’ ओळखण्याची असू शकते. त्याहून खालची, दोन वस्तू सारख्या की वेगळ्या हे ओळखण्याची.

शिक्षिकेवर काही कडक बंधनेही असतात. बरोबर उत्तर मुलाच्या अधिक जवळ ठेवायचे नाही. त्या पर्यायाशी आवाज बदलायचा नाही. मान डोलवायची नाही. आणि मुलाचा हात धरून तो उत्तरावर न्यायचा नाही, कारण तसे केले की ते उत्तर शिक्षिकेचे होते.

हे शेवटचे बंधन अनुभवातून आलेले आहे. १९९०च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून अमेरिकेत एक पद्धत आली. न बोलणाऱ्या मुलाच्या हाताला साहाय्यकाने आधार द्यायचा आणि मुलाने टंकयंत्राच्या कळा दाबायच्या. ज्यांनी कधी एक शब्द उच्चारला नव्हता, ती मुले सुंदर वाक्ये लिहू लागली. आईबापांच्या डोळ्यांत पाणी आले. मग संशोधकांनी एक साधी चाचणी केली: मुलाला एक चित्र दाखवले आणि साहाय्यकाला दुसरे. टंकलेल्या कागदावर साहाय्यकाने पाहिलेल्या चित्राचे नाव उमटले. साहाय्यक लबाड नव्हते. आपणच लिहितो आहोत हे त्यांनाही ठाऊक नव्हते. १९९४ साली अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. गॉडर्डच्या मोजपट्टीने मुलाचे माणूसपण नाकारले. इथे मायेने त्याच्या तोंडी स्वतःचे शब्द घातले. दोन्ही वेळा मूल काय सांगते आहे, ते ऐकणे राहूनच गेले.

कामाच्या संग्रहाची पद्धतही या कारणाने टीकेस पात्र ठरली. सुबक फाईल तयार करण्यात शिक्षिकांचे तासन्‌तास जात. गुण मुलाच्या प्रगतीला मिळतात की फाईलच्या मांडणीला, हे सांगणे कठीण होई. म्हणून बहुतेक राज्ये हळूहळू समोरासमोरच्या परीक्षेकडे वळली. तिथे मुलाने काहीच प्रतिसाद दिला नाही, तर तेही नोंदले जाते. त्या नोंदीचा अर्थ ‘आत काही नाही’ असा लावणे पिनेलची चूक पुन्हा करण्यासारखे आहे. या मुलाला ‘हो’ आणि ‘नाही’ सांगण्याचे साधन अजून कोणी दिलेले नाही, असा तो बहुधा शाळेवरचा शेरा असतो.

आक्षेप आणि मर्यादा

या परीक्षेवरचे आक्षेप हलके नाहीत. ज्या मुलीला स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही, तिला गोष्टीतील पात्रे कशाला विचारायची? तो वेळ कपडे घालणे, रस्ता ओलांडणे यांसाठी द्यावा, असे अनेक पालक आणि शिक्षक म्हणतात. त्यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर असे की, घास घेता येईपर्यंत गोष्ट ऐकवायची नाही असा नियम आपण कोणत्याही दुसऱ्या मुलाला लावीत नाही. हा वाद मिटलेला नाही, आणि एका सूत्राने मिटेल असेही दिसत नाही. नियमाचा आंधळेपणाही घडला. फ्लोरिडा राज्यात मरणासन्न मुलासाठीसुद्धा परीक्षेतून सूट मिळवताना आईबापांना झगडावे लागले. तेव्हा २०१४ साली तिथे अशा गंभीर आजारी मुलांसाठी कायद्याने वाट काढली गेली.

दुसरा धोका उलट दिशेचा. शाळेचा निकाल सुधारावा म्हणून जरा मागे पडणाऱ्या मुलालाही या सोप्या परीक्षेत ढकलण्याचा मोह होतो. असे मूल मग शालान्त प्रमाणपत्राच्या वाटेवरूनच बाजूला पडू शकते. म्हणून २०१५च्या कायद्याने मर्यादा घातली: राज्यात एखाद्या विषयाची परीक्षा देणाऱ्या एकूण मुलांपैकी एक टक्क्याहून अधिक मुले पर्यायी परीक्षेस बसवता येणार नाहीत.

आपल्या देशात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याचे बंधन सरकारवर घातले आहे. त्यात वाढीव वेळ आणि लेखनिक यांचा उल्लेख आहे. परंतु ज्या मुलाला प्रश्नच कळत नाही, त्याला लेखनिक काय कामाचा? त्याच्यासाठी प्रश्नच निराळा घडवावा लागतो. आपल्या विशेष शाळांतून कौशल्यांच्या तक्त्यांवरून वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस नोंदी घेतल्या जातात. अनेक शिक्षिका ते काम अल्प वेतनात निष्ठेने करतात. २०१२ सालच्या दुरुस्तीने तीव्र अक्षमता असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचा हक्कही दिला. तो हक्क कागदावर ‘घरी आहे’ एवढाच शेरा होऊन बसू नये, हे पाहणे मात्र कुटुंबाच्या आणि समाजाच्या हाती आहे.

परीक्षा या शब्दाचा मूळ अर्थ ‘सर्व बाजूंनी पाहणे’ असा आहे. इतारने सांगितले, मुलाची तुलना त्याच्याशीच करा. केंटकीने सांगितले, त्याला सर्वांबरोबर मोजा. ही वचने परस्परांना छेद देतात असे वाटते, पण एकाने मुलाला न्याय मिळतो आणि दुसऱ्याने शाळेला जबाब द्यावा लागतो. आपल्या धर्मग्रामात असे मूल असलेल्या आईबापांनी वर्षअखेरीस शिक्षकांना नम्रपणे दोन प्रश्न विचारावेत: यंदा याला नवे काय शिकवले? आणि ते त्याला आले, हे तुम्ही कशावरून ठरवले? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत त्यांनी खुर्चीवरून उठू नये. आणि ते एकटे जायला बिचकत असतील, तर आपल्यापैकी कोणीतरी त्यांच्यासोबत जावे.